विमानाचं मॉडेल बांधायला बिनपिळाचं टेबल

बाल्साचं विमान सोडलं की दरवेळी एकाच अंगाला कलंडत असेल, तर बहुतेक जण आधी रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, वाकवतात आणि मग पंखाच्या टोकाला वजन चिकटवतात. दोष बहुधा त्याच्याही आधीचा असतो. पंख ज्या टेबलावर जुळवला, त्या टेबलातच पीळ असतो. बाल्सा मऊ लाकूड आहे. टाचण्या मारून रात्रभर ठेवलं की खालचा पृष्ठभाग जसा असेल, तसाच पंख फेविकॉलसोबत पक्का होतो. नंतर वरून कागद आणि डोप (कागद ताणून घट्ट करणारं वार्निश) चढला की तो आकार आणखी घट्ट होतो.

टेबलात तीन प्रकारचे दोष असतात आणि तिघांचा त्रास सारखा नसतो. लांबीत कमान आली तर तो बाक. रुंदीत मध्ये खळगा पडला तर ती पन्हळ. समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि बाकीचे दोन खाली गेले तर तो पीळ. लांबीतल्या बाकाने पंखाची टोकं किंचित वर किंवा खाली जातात, पण दोन्ही पंखांना ते सारखंच होतं, त्यामुळे विमान त्याने वळत नाही. पन्हळीने रिबची (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीची) पुढची-मागची बाजू थोडी उचलली जाते, तीही दोन्हीकडे सारखी.

पिळाचं तसं नाही. उजव्या आट्यांचा बोल्ट कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी उजव्याच आट्यांचा असतो, तसा टेबलाचा पीळ कुठूनही एकाच हाताचा राहतो. एकाच टेबलावर डावा आणि उजवा असे दोन्ही पंख बांधले, की एकाच्या टोकाची पुढची कड वर जाते आणि दुसऱ्याच्या टोकाची खाली. एक पंख जास्त उचल घेतो, दुसरा कमी, आणि विमान गिरकी घेतं. पंख टेबलावर उलट दिशेने ठेवून बांधला तरी यातून सुटका नाही. 150 मिमी रुंदीच्या पंखात टोकाची मागची कड 2.5 मिमी हलली तर जवळपास 1 अंशाचा फरक पडतो, आणि छोट्या मॉडेलला तेवढा पुरेसा आहे.

म्हणून टेबल चकचकीत नसलं तरी चालेल, पाणसळीत नसलं तरीही चालेल. पीळ मात्र नको. गवंड्याची लेव्हल नळी लावून चारही कोपरे तपासत बसायची गरज नाही. अख्खं टेबल एका बाजूला 10 मिमी उतरतं असलं तरी पंख सरळच बनतो. साधारण पाणसळीत ठेवावं ते एवढ्यासाठीच, की पेन्सिली आणि टाचण्या घरंगळू नयेत.

कशाचं करायचं

आपल्याकडे घरात सागाची जुनी फळी, दार किंवा पाट असतोच आणि आधी हात तिकडे जातो. साग उत्तम लाकूड आहे, पण या कामाला सलग फळी घेऊ नये. मे महिन्यात हवा कोरडीठाक असते आणि जुलैच्या झडीत भिंतीसुद्धा ओल धरतात. एवढ्या फरकात कोणतीही सलग फळी रुंदीत आकसते, फुगते आणि रेषा तिरक्या असतील तर पिळतेही. फळ्या जोडून केलेल्या टेबलात प्रत्येक फळी आपापल्या दिशेला जाते.

18 मिमी प्लाय चालतं, पण एकटं नाही. त्याला खालून चौकट लागते आणि चौकट वाकडी असेल तर प्लाय तिच्यासारखंच वाकडं बसतं. एका बाजूला सनमायका लावलेलं प्लाय तर घेऊच नका. सनमायकाच्या बाजूने ओल शिरत नाही, उघड्या बाजूने शिरते, आणि पावसाळ्यात तक्ता कमानीसारखा होतो. सनमायका हवाच असेल तर दोन्ही बाजूंना लावा. एमडीएफ आणताना सपाट असतं, पण कडेने पाणी प्यायलं की फुगतं आणि सुकल्यावरही पुरतं बसत नाही.

ग्रॅनाइट किंवा काच सपाटीला छान. पण 1200 × 600 मिमीचा 18 मिमी जाडीचा ग्रॅनाइट सुमारे 35 किलो भरतो, आणि दोन्हींत टाचणी जात नाही. ज्यांना चुंबकं किंवा वजनं ठेवून बांधायची सवय आहे त्यांनी तो मार्ग घ्यावा. विमानाच्या पूर्ण मापाच्या कागदी नकाशावर, रिबा आणि स्पार (पंखाच्या लांबीतली मुख्य काठी) टाचणीने धरून बांधणाऱ्याला तो सोयीचा नाही.

आमचं मत फ्लश दाराकडे झुकतं. संडास-बाथरूमला लागतं ते 7 फूट × अडीच फुटाचं, भरीव गाभ्याचं, 35 मिमी जाडीचं दार. आत लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि दोन्ही बाजूंना सारखेच थर असल्यामुळे ओल आत-बाहेर झाली तरी ते एका बाजूला ओढलं जात नाही. आयएस 2202, म्हणजे भरीव फ्लश दारांच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं घ्या. पोकळ गाभ्याचं दार स्वस्त मिळतं, पण हाताने दाबलं तरी दबतं, ते नको. तालुक्याच्या प्लायवुडच्या दुकानातली दारं भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली असतात. महिनोन्‌महिने तशी उभी राहिलेली दारं वाकतात. गठ्ठ्यात आडवं ठेवलेलं मागा आणि पैसे देण्याआधी दुकानातच पीळ पाहा. कसा पाहायचा ते पुढे येतंच. कोपऱ्याशी 3 मिमीपर्यंतचा पीळ टेबल मांडल्यावर काढता येतो. त्याहून जास्त दिसला तर दुसरं दार काढायला सांगा.

घरी आणल्यावर दार कापू नका. दोन्ही अंगांना ऑइल पेंटचे किंवा सँडिंग सीलरचे दोन-दोन हात द्या आणि चारही कडांना तीन. ज्या बाजूला जितके हात, त्याच्या उलट बाजूलाही तितकेच. खालची बाजू दिसत नाही म्हणून ती तशीच सोडली, की सनमायकाच्या प्लायचं झालं तेच याचं होतं. कुलपाचं भोक पाडलेलं जुनं दार मिळालं तर तेही चालतं. भोक भरू नका, फक्त आतून रंग पोचवा.

कशावर ठेवायचं

वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडच्या काळ्या मातीवरच्या घरांत जमीनच हलते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून बसते. शहाबादी फरशीचा एक कोपरा वर आणि शेजारचा खाली, हे आपण रोज पाहतो. चार पायांचं टेबल अशा जमिनीवर ठेवलं की चौथा पाय एक तर लटकतो, नाही तर वरच्या तक्त्याला खाली ओढतो. तिथेच पीळ जन्माला येतो, आणि ऋतू बदलला की त्याची दिशाही बदलते.

यावर उपाय म्हणजे तीन टेकू. तीन बिंदूंवर ठेवलेली वस्तू डगमगत नाही, आणि खालची जमीन कशीही सरकली तरी वस्तूला पीळ पडत नाही. वेल्डिंगवाल्याकडून 1 इंची चौकोनी पाइपचे दोन घोडे, म्हणजे दार ठेवायचे स्टँड, करून घ्या. उभं राहून काम करणार असाल तर 850 मिमी उंचीचे, स्टुलावर बसून करणार असाल तर 700. प्रत्येकाची वरची आडवी पट्टी 700 मिमी.

पहिल्या घोड्याच्या आडव्या पट्टीवर दोन टोकांना दोन लाकडी ठोकळे बसवा. दुसऱ्या घोड्यावर फक्त एकच ठोकळा, बरोबर मध्यावर. तिन्ही ठोकळे एकाच फळीतून कापा म्हणजे जाडी सारखी राहील. 7 फुटी दाराला घोडे दोन्ही टोकांपासून आत 460 ते 470 मिमीवर यायला हवेत. एकूण लांबीच्या सुमारे 22 टक्के आत टेकू असले की दार स्वतःच्या वजनाने सर्वांत कमी वाकतं. अगदी टोकांना टेकू दिले तर मध्ये झोल पडतो.

एकाच ठोकळ्यावर टेकलेलं टोक, कोपऱ्यावर कोणी हात टेकवला की कलतं. म्हणून दुसऱ्या घोड्याच्या पट्टीला मध्यापासून दोन्हीकडे 300 मिमीवर 10 मिमीचा नट वेल्ड करून घ्या आणि त्यातून खालून वर बोल्ट चढवा. बोल्टचं डोकं खाली राहू द्या म्हणजे पाना लागेल. हे दोन्ही बोल्ट दारापासून 1 मिमी खाली ठेवायचे. दार कललं तर बोल्टवर अडतं, एरवी बोल्टचा दाराला स्पर्श नाही. पीळ काढायलाही हेच बोल्ट कामी येतात.

मातीच्या, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पायांखाली फरशीचे तुकडे घाला, नाही तर पाइप हळूहळू मातीत रुततो. सारवणाचं पाणी पाइपाला लागून तळ गंजू नये, म्हणूनही ते बरं. वाळवी, म्हणजे उधई, जमिनीतून आधी भिंतीवर आणि मग टेकलेल्या लाकडावर चढते. म्हणून टेबल भिंतीपासून किमान एक वीत दूर ठेवा.

पीळ कसा दिसतो

महागडं साधन लागत नाही. सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडून अॅल्युमिनियमच्या 2 × 1 इंची चौकोनी पाइपचे 1 मीटरचे दोन तुकडे घ्या. एकाला काळी आणि दुसऱ्याला पांढरी चिकटपट्टी लावा.

आधी पाइपच सरळ आहेत का ते पाहा. दोन्ही अरुंद कडेने एकमेकांना लावा आणि मागे मोबाइलचा टॉर्च धरा. मधून उजेडाची चीर दिसते का पाहा, मग त्यातला एक तुकडा टोकांची अदलाबदल करून पुन्हा लावा. दोन्ही वेळा उजेड दिसला नाही तर पाइप चालतील. दिसला तर दुकानात दुसरे तुकडे मागा.

आता दाराच्या दोन टोकांकडे, घोड्यांच्या बरोबर वर, पाइप आडवे ठेवा. जवळचा काळा, दूरचा पांढरा. दारापेक्षा ते लांब आहेत, त्यामुळे फरक वाढून दिसतो. 2 ते 3 मीटर मागे या, एक डोळा मिटा आणि हळूहळू खाली वाका. काळ्या पाइपची वरची कड पांढऱ्याला झाकत जाईल. पांढरी रेघ सगळीकडे एकदम लपली तर पीळ नाही. उजव्या बाजूला पांढरं शिल्लक राहिलं आणि डावीकडे लपलं, तर दूरचं उजवं टोक वर आहे. दुकानातही हेच करायचं. फक्त दार तिथे दोन सारख्या ठोकळ्यांवर आडवं ठेवून घ्या.

डोळ्याने एवढं कळतं. माप काढायचं तर तंगूस लागतो. 0.2 मिमी जाडीचा नायलॉनचा मासे धरायचा दोर घ्या. काम जिथे करायचं ती 1200 × 400 मिमीची चौकट दारावर पेन्सिलीने आखा. चार कोपऱ्यांवर एकाच पाइपातून कापलेले चार तुकडे ठेवा. कर्णांवरून दोन दोर ताणा. दोराची टोकं दाराच्या कडेवरून खाली सोडा आणि प्रत्येक टोकाला भरलेली 1 लिटर पाण्याची बाटली लटकवा, म्हणजे दोन्हींचा ताण सारखा. जो दोर वरून जातो त्याच्या दोन्ही तुकड्यांखाली झेरॉक्सच्या कागदाचे दोन-दोन कपटे घाला. 80 जीएसएमचा एक कागद सुमारे 0.1 मिमी जाड असतो. दोराच्या जाडीइतकी भर दिली नाही, तर पीळ नसतानाही दोर एकमेकांना ढकलतात.

मध्यावर दोर नुसते एकमेकांना शिवले पाहिजेत. मधे फट असेल तर तिच्यात कागद सरकवून मोजा. कोपऱ्यातला फरक या फटीच्या दुप्पट असतो. म्हणजे दोन कागद सैल जाऊन तिसरा अडला, तर फट सुमारे 0.25 मिमी आणि कोपरा 0.5 मिमी हललेला. साध्या मॉडेलला इथपर्यंत ठीक. हलक्या ग्लायडरसाठी याच्याही निम्मं साधावं. फट दिसत नाही, उलट वरचा दोर खालच्याला दाबतोय असं वाटलं, तर दोरांचा वर-खाली क्रम बदला, कपटे दुसऱ्या जोडीखाली घ्या आणि पुन्हा पाहा. आता फट दिसेल, ती मोजा.

पीळ काढायचा

दुसऱ्या घोड्याकडचा जो कोपरा खाली आहे, त्या बाजूचा बोल्ट दाराला टेकेपर्यंत चढवा. तिथून पुढे पाव-पाव फेरा. 10 मिमी बोल्टचा एक फेरा म्हणजे 1.5 मिमी. पाव फेऱ्याने बोल्ट 0.4 मिमीच्या आसपास वर येतो आणि आपल्या 400 मिमी रुंदीच्या चौकटीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. दार भरीव आणि जड असल्यामुळे पहिल्या घोड्यावरचे दोन ठोकळे त्याला धरून ठेवतात आणि मधलं दार हळूच पिळून सरळ होतं. दर पाव फेऱ्यानंतर पाइप ठेवून डोळ्याने पाहा आणि शेवटी दोराने मोजा. मग रात्रभर तसंच राहू द्या. लाकूड लगेच बसत नाही, दुसऱ्या दिवशी किंचित फरक निघतोच.

दोन पूर्ण फेरे देऊनही पीळ उरला, तर आणखी चढवू नका. दार एका ठोकळ्यावरून उचललं जाईल आणि सगळंच डळमळेल. ते दार बदलायचं.

बाक आणि पन्हळ पाहायला पाइप लांबीत, रुंदीत आणि तिरका ठेवून खाली कागद सरकवा. मीटरभर लांबीत 0.5 मिमीची फट खपते. पन्हळ 1 मिमीच्या आत असेल तर तीही सोडून द्या, वरच्या थरात ती जाईल.

टाचणी जाईल असा थर

दारात टाचणी जात नाही. वर 12 मिमीचा सॉफ्टबोर्ड हवा, शाळांच्या सूचना फलकात वापरतात तोच. 8 × 4 फुटाच्या एका तक्त्यातून 1200 × 600 चे चार तुकडे निघतात. त्यातला एक वापरायचा, बाकी कोरड्या जागी आडवे ठेवायचे. थर्मोकोल नको. टाचणी दोन-तीनदा काढली-घातली की भोक सैल होतं, आणि सुपर ग्लू किंवा डोपचा थेंब पडला की थर्मोकोल विरघळून खड्डा पडतो.

सॉफ्टबोर्ड दाराला फेविकॉलने चिकटवू नका. तो दारापेक्षा जास्त ओल घेतो, फुगतो आणि जागा मिळाली नाही तर मध्ये उचलला जातो. चारही बाजूंनी 3 मिमी मोकळी जागा ठेवून दारावर लाकडी पट्ट्या ठोका आणि सॉफ्टबोर्ड त्यांच्यामध्ये नुसता बसू द्या. पट्ट्या सॉफ्टबोर्डपेक्षा कमी उंचीच्या, 9-10 मिमीच्या घ्या, म्हणजे हात आणि पाइप अडणार नाही. वर्षा-दोन वर्षांत तो टाचण्यांनी चाळणी झाला की उलटा करायचा, मग बदलायचा.

सॉफ्टबोर्डची जाडी सगळीकडे एक नसते, म्हणून वरून घासून घ्यावा लागतो. एका पाइपच्या रुंद बाजूला 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. सॉफ्टबोर्डवर पेन्सिलीने आडव्या-तिरप्या रेघांची जाळी काढा आणि पाइप तिरपा फिरवत, दाब न देता घासा. जिथल्या रेघा आधी पुसल्या जातात तो भाग उंच. सगळीकडच्या रेघा फिकट होईपर्यंतच घासायचं. पुढे घासत राहिलं तर कडा उतरतात आणि मध्य कासवाच्या पाठीसारखा राहतो. नाकातोंडाला दुपट्टा बांधा, हा भुसा घशात बसतो.

घासून झाल्यावर दोराची तपासणी पुन्हा करा, या वेळी सॉफ्टबोर्डवर. पंख इथेच बसणार आहे, खालच्या दारावर नाही.

नकाशा, टाचण्या आणि कड

नकाशा जिल्ह्याला मोठ्या झेरॉक्सवाल्याकडे कागदावरच काढा. फ्लेक्स ताणला जातो. आणल्याबरोबर नकाशावरचं एखादं लिहिलेलं माप लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे पट्टीने मोजा. झेरॉक्स मशीन दोन दिशांना वेगवेगळं ताणू शकतं. नकाशात एकच अर्धा पंख काढलेला असेल, तर कापसाने थोडं गोडेतेल चोळा. कागद पारदर्शक होतो आणि उलटा करून दुसरा पंख बांधता येतो. तेल पूर्ण टिपून घ्या, बाल्साला लागलं तर तिथे फेविकॉल धरत नाही.

नकाशाच्या चारही बाजूंना पट्टी चिकटवू नका, दोन टोकांनाच चिकटवा. ओल्या दिवसांत कागद वाढतो आणि चारही बाजू बांधलेल्या असतील तर फुगवटा येतो. वर पुस्तकांना घालतात तसलं जाडसर पारदर्शक पॉलिथीन ताणून लावा. त्याला फेविकॉल चिकटत नाही. मेणाचा कागद टाळा. मेण लाकडाला लागतं आणि पुढे त्या जागी ना सरस धरतो ना वरचा कागद.

चौकटीच्या एका लांब कडेला अॅल्युमिनियमचा सरळ अँगल स्क्रूने पक्का करा. मागची कड त्याला टेकवून बांधली की ती सरळ येते, दर वेळी रेघ मारायला नको. अँगल काटकोनात आहे का हे गुण्याने नाही तर 300-400-500 ने तपासा: एका कडेवर 300 मिमी, दुसरीवर 400, आणि तिरका 500 आला पाहिजे. त्याच अँगलचे 50 मिमीचे सहा-सात तुकडे कापून कानशीने कडा साफ करा. रिब उभी धरायला ते लागतात.

टाचण्या मण्याच्या डोक्याच्या, शिवणकामाच्या घ्या. ऑफिसातली बारीक टाचणी वाकते. स्पारमधून टाचणी आरपार घालू नका, त्याने स्पार तिथेच चिरतो. स्पारच्या दोन्ही बाजूंना एक-एक टाचणी, एकमेकींकडे झुकलेली, म्हणजे स्पारच्या वर फुली होते. 40 ते 50 मिमी अंतरावर एक जोडी पुरते. टाचण्या कमी पडल्या तर सपाट टेबलाचाही उपयोग नाही, कारण मधला स्पार उचलला गेलेला डोळ्याला दिसत नाही.

नकाशात टोकाची मागची कड मुद्दाम उचलायला सांगितली असेल, तर ती मोजून, दोन्ही पंखांना सारख्याच जाडीच्या पट्टीने उचला. त्यासाठीच टेबल आधी शून्यावर आणायचं.

ऊन, कूलर आणि झड

बांधणीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. हवा कोरडी असते.

उन्हाळ्यात सगळ्यात मोठी अडचण कूलरची. कूलर हवेत पाणी सोडतो. टेबल त्याच्या झोतात असेल तर वरची बाजू ओलसर, खालची कोरडी. दिवसभर कूलर, रात्री वीज गेली की कडक कोरडी हवा, असं नवतप्यात रोज होतं आणि बाल्सा तर टेबलापेक्षाही लवकर हलतो. टेबल झोताच्या बाजूला घ्या किंवा कूलरचं तोंड दुसरीकडे वळवा. टिनाच्या छपराखाली काम असेल तर दुपारी टाचून ठेवलेला पंख जुन्या चादरीने झाका. खिडकीतून एका टोकावर ऊन पडत असेल तर तिथे पडदा हवाच. अर्धं टेबल तापलं की तेवढंच पिळतं. कोरड्या हवेत फेविकॉलवर लवकर साय धरते, म्हणून एका वेळी थोडेच जोड लावा. सुपर ग्लूला मात्र पकडायला हवेतली ओल लागते, त्याला मेमध्ये वेळ द्यावा लागतो.

पावसाळ्यात उलटं. फेविकॉल आतून सुकायला फार वेळ घेतो. वरून कोरडा दिसला तरी पंख 24 तास टाचून ठेवा, झड लागली असेल तर त्याहून जास्त. घाईने काढलेला पंख हातात घेतल्यावर सरळ वाटतो आणि दोन दिवसांनी पिळतो. झड लागल्याच्या पहिल्या आठवड्यात नवा पंख सुरूच करू नये. लाकूड ओल घेत असतं तोवर त्याला चौकटीत बांधायचं नाही.

टेबल झाकायला चादर घ्या, प्लास्टिक नको. प्लास्टिकखाली ओल साचते. उंदीर सॉफ्टबोर्ड कुरतडतात, म्हणून त्यावर खाण्याची वस्तू ठेवू नका. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन घरात येतं, मग कापूस आणि तूर, आणि कुठलीही सपाट जागा पोती ठेवायला घेतली जाते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पोत्यांच्या वजनाखाली दोन महिने राहिलेलं दार पुन्हा सरळ होत नाही.

दोष टेबलाचा की हाताचा

पंख तयार झाला की त्याला मागून, टोकाकडे पाहून तपासा: दोन्ही टोकांची मागची कड मुळापेक्षा वर आहे की खाली. दोन-तीन विमानांची अशी नोंद वहीत ठेवा. दर वेळी डाव्याच पंखाची मागची कड खाली आणि उजव्याची वर येत असेल, तर पीळ टेबलात आहे, दोर ताणून पाहा. कधी डावा, कधी उजवा, कधी एकही नाही, असं असेल तर टेबल सोडा. मग टाचण्या कमी पडतात, पंख लवकर काढला जातो, नाही तर दोन स्पारचं लाकूड वेगळ्या वजनाचं आहे.

दोराची तपासणी वर्षातून तीनदा पुरते: होळीनंतर, पहिल्या झडीनंतर आणि दिवाळीनंतर. दुसरी तपासणी चुकवू नका, कारण काळ्या मातीवरची फरशी त्याच वेळी वर आलेली असते. तीन टेकूंमुळे दार पिळत नाही, पण घोडा कलला की 1 मिमी सोडलेली बोल्टाची फट बुजते आणि बोल्ट नको तिथे दार उचलतो. तपासणीआधी दोन्ही बोल्ट दोन फेरे खाली घ्या, पीळ मोजा आणि मग हवा तेवढाच एक चढवा. दुसरा 1 मिमी खाली सोडा.